सात खणांचं घर आणि पाव्हणा

जळगावहून आसोद्याला जाणाऱ्या रिक्षात माणसं बसत नाहीत, ती रचली जातात. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस, पारा ४४ वर आणि माझ्या मांडीवर कुणाच्या तरी माहेरवाशिणीची पेटी.

आसोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली त्या इथे जन्मल्या आणि जळगावात चौधरी वाड्यात नांदल्या. त्यामुळे इथल्या ओट्यावर पाणी मागितलं, तर आधी बहिणाबाईंशी असलेलं नातं मिळतं. आमच्या यजमानांचं नातं चुलत आजीच्या नणंदेकडून होतं. ते उलगडेपर्यंत माझ्या घशाला कोरड पडली.

घर सात खणांचं, धाब्याचं. सागवानी खांब, वर कड्या आणि त्यावर खाऱ्या मातीचा जाड थर. भिंती दीड हात रुंद. बाहेरून भाजकी वीट, आतून पांढरीची माती. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून लेवा पाटलांच्या पूर्वजांनी काळीत कपाशी लावली आणि पांढरीच्या मातीनं घरं बांधली.

हे पूर्वज गुजरातेतून, पावागडाकडून आले असं समाजात सांगतात. कधी, यावर मात्र घरात एकमत नाही. आमचे यजमान थोरले काका म्हणाले, महमूद बेगडानं १४८४ साली पावागड घेतला तेव्हा. धाकटे काका म्हणाले, त्याच्याही आधी. थोरले जे साल सांगतील त्याच्या आधीच. भाटाच्या वहीत सगळं लिहिलंय यावर दोघांचं एकमत, पण भाट अजून आलेला नाही.

आजींनी निकाल दिला, "मले काय इचारता? त्या भितीले इचारा. माह्या आधीची हाये ते."

समोरच काकांचा नवा बंगला. स्लॅब, गुळगुळीत फरशी, एसी. दुपारी लाइट गेली की त्याची वीटभट्टी होते आणि सगळं कुटुंब, कुत्रा नि सूनबाईंचा लॅपटॉप जुन्या घराच्या ओसरीत येतात. पावागड सोडलेल्यांचं सध्याचं स्थलांतर एवढंच: रस्ता ओलांडून. बंगला मग कुणासाठी? लग्न जुळवायला आणि पाव्हण्यांना.

रात्री खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाल्यावर मी ओसरीतल्या खाटेकडे आशेनं पाहिलं.

काका कळवळले. "पाव्हन्याले मातीच्या घरात झोपवू का? तुमी बंगल्यात झोपा. लाइट आली का एसी चालू होईन."

आणि उशा काखोटीला मारून घरची सगळी मंडळी धाब्यावर चढली.