ओरिजिनल आहे ना?

मराठी माणूस दुकानात शिरला की भावाच्याही आधी एक प्रश्न विचारतो, "ओरिजिनल आहे ना?" केशर असो, पैठणी असो, नाहीतर मिक्सरचं भांडं. दुकानदार "शंभर टक्के" म्हणतो, दोघांच्याही जिवाला बरं वाटतं आणि मग घासाघीस सुरू होते. हा प्रश्न घेऊनच मी लॅपटॉपची बॅटरी शोधायला बाहेर पडलो, आणि त्याचं असं काही उत्तर मिळालं की अजून पचनी पडत नाहीये.

आमचा लॅपटॉप जुना, पण तब्येतीनं खणखणीत. बॅटरी कधी गेली हे मात्र सांगता यायचं नाही, कारण ती एकदम गेलीच नाही. आधी तीन तास चालायची, मग तासभर, मग चहा होईपर्यंत. शेवटी तर पडद्यावर चांगले 74 टक्के दिसायचे आणि वायर निघाली की डोळ्यांदेखत काळोख. चार्जिंगला लावावं, तर कोपऱ्यात 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. म्हणजे ताटावर बसलेय, पण जेवणार नाही. मग सगळं घर हॉलमधल्या एका सॉकेटभोवती फिरायला लागलं. सोफा सरकला, टीपॉय सरकला, पाहुण्यांना दारातच "जरा वायर ओलांडून या" अशी सूचना मिळू लागली. गुरुवारी देखभालीसाठी लाईट जायची, तेव्हा मी ऑफिसला फोन करून सांगायचो, "साहेब, आज माझा गुरुवार आहे." साहेबांना वाटायचं, उपास आहे. वर्षभर ते मला दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी झाली का विचारत होते.

बॅटरी आजारी आहे ही बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. समोरचे काका चप्पल न घालता आले. "अरे, तू वापरतोस कशी? पूर्ण उतरू द्यायची, मग रात्रभर लावायची. तिला वळण लागतं." काकांचा हा सल्ला खोटा नाही, फक्त तो निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. लिथियम-आयनला नेमकं याच्या उलट हवं असतं. तिला तळ गाठवलेला आवडत नाही आणि उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत शंभर टक्क्यांवर ताटकळत ठेवलेलंही आवडत नाही. वीस ते ऐंशीच्या मध्ये ती सुखी. पण हे काकांना कोण सांगणार? ते पुढच्या उपायावर पोचले होते. "पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव."

"माझ्या फ्रीजमध्ये?" आतून आवाज आला. "कोथिंबिरीशेजारी?"

उपाय तिथेच संपला.

शेवटी लेकीनं काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' आणि पुढे 'बॅटरीरिपोर्ट' असं काहीतरी टाईप केलं. विंडोजनं लगेच अख्खा अहवाल हातात ठेवला. मूळ क्षमता 47,520 मिलिवॉट-अवर. आता पूर्ण भरल्यावर 5,100. "बाबा, दहा टक्केच उरलीये," ती म्हणाली. एवढी माहिती ते यंत्र पोटात ठेवून होतं आणि मला मात्र 74 टक्के दाखवत होतं. माणसाच्या प्रगतिपुस्तकात असली लबाडी केली असती तर वडिलांनी फोडून काढलं असतं.

कंपनीच्या अधिकृत केंद्रात एका नम्र मुलानं क्रमांक तपासून सांगितलं की हे मॉडेल आता बंद झालंय. बॅटरीही येत नाही. मग त्याच नम्रतेनं नव्या लॅपटॉपचं पत्रक माझ्या हातात दिलं. डोळ्याला चष्मा मागायला जावं आणि डॉक्टरांनी स्थळ सुचवावं, तसं झालं.

तेव्हा पुणेकर शेवटी जिथे जातो तिथे गेलो. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. दगडूशेठला लांबूनच नमस्कार केला, कारण जवळ जायचं तर गाडी लावायला जागा मिळायला हवी. दुकान चार फुटांचं, मालक पंचविशीचा. त्यानं लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. बॅटरी उलटी करून तिचा पार्ट नंबर वाचला.

"ओरिजिनल आहे ना?" मी विचारलं.

"काका, ही आधी बघा," म्हणून त्यानं माझ्या बॅटरीच्या कडेला पातळ पात घातली आणि कवचाची शिवण टकटक करत उसवली. आत सहा सेल, अंगठ्याएवढे, दोन-दोनच्या तीन जोड्या. धंद्यात यांना 18650 म्हणतात, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब म्हणून. डोक्यावर निकेलच्या पट्ट्या, कडेला नखाएवढं सर्किट. त्यानं मल्टिमीटर लावला. पहिली जोडी 3.8 व्होल्ट. दुसरी 3.8. तिसरी 0.9.

"ही बसली. बाकी चार ठणठणीत आहेत."

"मग चार्ज का होत नाही?"

"सर्किट करू देत नाही. एक जोडी एवढी खाली गेली की धोका नको म्हणून ते सगळ्यांचंच बंद करतं."

नुसते सेल बदलून देतोस का, असंही विचारून पाहिलं. तो म्हणाला, देतो, पण सेल काढल्यावर सर्किट लॉक झालं तर माझ्याकडे बघायचं नाही. बऱ्याच कंपन्यांचं सर्किट असं रुसतं आणि मग नवे सेल घातले तरी मानत नाही. हा मुलगा मला तिथेच आवडला. जबाबदारी कुठे संपते हे काम सुरू व्हायच्या आधी सांगणारे कारागीर हल्ली सापडत नाहीत.

मग त्यानं दोन खोकी पुढे ठेवली. एकावर कंपनीचं नाव, होलोग्राम, 4,500 रुपये. दुसऱ्यावर कुणाचंच नाव नाही, 1,800. माझा हात अर्थातच होलोग्रामकडे गेला. त्यानं खोकं उलटं करून बारीक अक्षरं दाखवली. बनल्याची तारीख 2017. दुसऱ्यावर मागच्याच दिवाळीची.

"ओरिजिनलच आहे काका, खोटं नाही सांगत. पण कंपनीनं बनवणं बंद केलंय. आता जी ओरिजिनल मिळते ती तुमच्याच बॅटरीच्या वयाची."

लिथियम-आयन कपाटात पडल्या पडल्याही म्हातारी होते. आतली रसायनं तुमची वाट बघत थांबत नाहीत. या बॅटरीसाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते आणि प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांची बॅटरी मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षीच कुरकुर करायला लागते.

मी 1,800 वाली घेतली. सहा महिन्यांची वॉरंटी, खोक्यावर पेनानं लिहिलेली. घरी सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "ओरिजिनल नाही घेतलीत?" काकांनी तर मान हलवून सुस्कारा टाकला. गेले काही महिने ती तीन तास चालते आहे. पण आमच्याकडे तिला अजून 'ती डुप्लिकेट' असंच म्हणतात.

जुन्या लॅपटॉपला बॅटरी घ्यायला जाल तर कंपनीच्या नावाआधी तारीख वाचा. नाव कितीही मोठं असो, पाच-सहा वर्षं खोक्यात झोपलेली बॅटरी घेऊ नका. तुमची बॅटरी आत चिकटवलेली असेल आणि टचपॅड वर येऊ लागला असेल, तर ती फुगली आहे. तिच्यावर वजन ठेवू नका, टोचू नका, वापरणं बंद करून सरळ दुकान गाठा. मेलेली बॅटरी घंटागाडीतही टाकायची नाही. 2022 च्या नियमांप्रमाणे ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून द्यायची असते. दुकानदार घेतो, नाहीतर ई-कचऱ्याचं केंद्र घेतं. आणि समोरचे काका आले तर त्यांना चहा द्या, बॅटरी देऊ नका.