निळी टिक आणि पातूरची उधारी

अकोला जिल्ह्यातल्या पातुरात निरोप पोचवण्याची जुनी साधने तीन: दवंडी, एसटीचा कंडक्टर आणि पानठेला. दवंडी सरकारी कामाची. कोतवाल डफडे बडवत फिरे आणि पाणीपट्टीपासून लसीकरणापर्यंत सगळे एकाच सुरात सांगून टाके. कंडक्टर अकोल्याहून चिठ्ठी, औषधाची पुडी किंवा नुसताच तोंडी निरोप आणी. अकोला तीसेक किलोमीटरवर, त्यामुळे निरोप तासाभरात येई. वाटेत त्यात थोडी भर पडे, पण तिचे वेगळे भाडे लागत नसे. पानठेला सर्वांत वेगवान. त्याला निरोप द्यावाच लागत नसे, त्याला तो आधीच ठाऊक असे.

व्हॉट्सअ‍ॅप 2009 साली अमेरिकेत जॅन कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन यांनी काढले. 2014 मध्ये फेसबुकने ते सुमारे 19 अब्ज डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, नेट स्वस्त झाले आणि पातूर घाटाच्या अलीकडची-पलीकडची गावे एका खिशात येऊन बसली. दवंडी बंद पडत आली, कंडक्टर मोकळा झाला. पानठेला मात्र टिकला, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले खरे की खोटे हे ठरवायला जागा लागते.

व्यापारात पहिला बदल किराण्याच्या यादीत झाला. पूर्वी यादी कॅलेंडरच्या मागल्या पानावर पेन्सिलीने लिहून पोराच्या हाती दिली जाई. आता त्याच पानाचा फोटो येतो. फोटो काढणाऱ्याचा अंगठा नेमका दोन जिनसांवर असतो, त्यामुळे त्या कोणत्या हे विचारायला दुकानदार फोन करतो आणि यादी अखेर तोंडीच सांगितली जाते. ज्यांना लिहायचा कंटाळा त्यांच्यासाठी 2013 पासून व्हॉइस मेसेज आहे. लिहिताना माणूस पुस्तकी मराठीत शिरतो, बोलताना घरी येतो. ‘भाऊ, ते नेहमीचंच पाठवजो, अन् दाळ मांगच्यावाणी नोको देजो,’ एवढा व्यवहार शेवटच्या चार सेकंदांत असतो. त्याआधीचा सव्वा मिनिट कुकरच्या शिट्ट्या, पोराला दिलेली तंबी आणि बकरीचे एक निवेदन असते. दुकानदार मोबाइल खांदा आणि कान यांच्यात धरून साखर जोखतो. अलीकडे असे मेसेज दुप्पट वेगाने ऐकता येतात. ‘नेहमीचंच’ म्हणजे काय, हे त्याने कळत नाही.

उधारीचे शास्त्र मात्र मुळापासून बदलले. पूर्वी दुकानातला पोऱ्या वसुलीला जाई आणि आतून उत्तर येई, ‘ते तं वावरात गेले.’ पोऱ्या परत येई, दुकानदार समजून घेई. दोघांनाही माहीत असे की ते दाराच्या मागे बसलेले आहेत, पण वावर ही प्रतिष्ठित जागा होती आणि तिथे गेलेल्या माणसाला कोणी हुडकत नसे. मुदतीही पिकांवर ठरत. सोयाबीन निंगालं का देतो; सोयाबीन निघाल्यावर तुरीवर बोट, तूर आल्यावर हरभऱ्यावर. वर्ष असे पिकापिकाने सरे आणि वहीतली रेघ तशीच राही.

नोव्हेंबर 2014 मध्ये निळी टिक आली. मेसेज पोचला की दोन करड्या खुणा, वाचला की निळ्या. दुकानदार आता लाल वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवतो आणि खुणा निळ्या होण्याची वाट पाहतो. निळ्या झाल्या की वावर संपले. देणेकऱ्यांनी यावर उपाय काढले. निळी टिक बंद ठेवता येते. पण मग स्वतःलाही दुसऱ्याची दिसत नाही, आणि पातुरात ही किंमत जबर आहे. म्हणून जाणकार देणेकरी मेसेज उघडतच नाही. पडद्याच्या वरच्या पट्टीत दिसतो तेवढा वाचतो. दुकानदारांनीही त्यामुळे रकमेचा आकडा पहिल्याच ओळीत घालायला सुरुवात केली.

खरी लढाई स्टेटसवर होते. 2017 पासून मिळालेली ही सोय चोवीस तासांनी पुसली जाते, पण कोणी पाहिले याची यादी टाकणाऱ्याला दिसते. दुकानदार भलामोठा गुलाब टाकून खाली लिहितो, ‘ज्यांचे असतील त्यांनी कृपया पाहून घ्यावे.’ नाव घेऊन मागणे हा अपमान, आणि अपमान झालेले गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते, म्हणून भाषा मोघम. परिणाम असा होतो की ज्यांच्याकडे छदामही निघत नाही असे तिघे संध्याकाळी ओशाळून दुकानात येतात, ‘आपलं काही राह्यलं काय भाऊ?’ ज्याच्याकडे दोन हजार निघतात तो अंगठा पाठवतो. त्याच दिवशी त्याच्या स्वतःच्या स्टेटसवर शेगावचे दर्शन, कचोरीची प्लेट आणि सहकुटुंब हसरे चेहरे असतात. दुकानदार ते पाहतो. आपण पाहिले हे त्याला दिसेल, हेही पाहतो. दोघेही काही बोलत नाहीत.

शेतमालाच्या व्यापारात गोष्ट वेगळी. अकोल्याच्या बाजार समितीतली आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन भाव आता दुपारीच ग्रुपवर येतात. पूर्वी खेडा खरेदीवाल्याने सांगितला तो भाव, नाहीतर गाडी भरून अकोल्याला जाऊन पाहायचा. आता व्यापाऱ्याची मोटारसायकल आलेगावात शिरण्याआधी शेतकऱ्याला कमाल भाव पाठ असतो. व्यापाऱ्याला मात्र किमान पाठ असतो, आणि शिवाय ओलावा. भाव मोबाइलवर दिसतो, ओलावा दिसत नाही. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलावा चाले. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती 15 टक्क्यांपर्यंत मुभा दिली. व्यापाऱ्याचा तळहात याहून सूक्ष्म आहे. मूठभर दाणे घेऊन तो ‘वलं हाये’ म्हणतो, आणि त्यावर अजून कोणतेही अ‍ॅप निघालेले नाही.

रोजच्या बोलण्यातला मोठा हिस्सा सुप्रभातीचा. जानेवारी 2018 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने गूगलच्या संशोधकांच्या हवाल्याने छापले की भारतीयांचे मोबाइल भरून बंद पडतात ते सकाळच्या फुलांमुळे. यात नवे काही नाही. जुलै 2013 मध्ये बंद झालेल्या तारेतही शुभेच्छांची ठरावीक वाक्ये क्रमांकांनी पाठवली जात. दिवाळीचा क्रमांक 1. फरक एवढाच की तारेला पैसे पडत, म्हणून लोक रोज दिवाळी करत नसत. आलेला मेसेज पुढे ढकलण्याच्या या सवयीची काळी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच ढकलण्याची मर्यादा आली.

गुप्ततेत वऱ्हाडाचा अनुभव जुना आहे. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर ज्यांचे तीर्थ, त्या महानुभावांनी चौदाव्या शतकापासून आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. बाहेरच्यांना त्या वाचता यायला विसावे शतक उजाडले. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल 2016 मध्ये सगळ्या मेसेजना असेच कुलूप लावले. मजकूर खुद्द कंपनीलाही वाचता येत नाही. पातुरात हे कुलूप पाऊण तास टिकते. मग कोणीतरी स्क्रीनशॉट काढतो आणि तो पानठेल्यावर येतो.

रुसवेफुगवेही ग्रुपवर आले. भावकीच्या लग्नात पत्रिका नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि अक्षत घेऊन कोणी घरी आले नाही, तर मोठे काकाजी ग्रुप सोडत. पंगतीतून उठून जाण्याचाच हा प्रकार, आणि ‘बाहेर पडले’ अशी ओळ सर्वांना दिसे. 2022 मध्ये कंपनीने ती ओळ फक्त अ‍ॅडमिनला दिसेल असे केले. कोणाला न दिसणारा रुसवा म्हणजे निव्वळ उपास. त्यामुळे काकाजी आता आधी ‘मी हा ग्रुप सोडत आहे’ असे टाकतात, तासभर वाट पाहतात, कोणी समजूत घातली नाही तर सोडतात. अॅडमिन म्हणजे बहुधा पुतण्याच. संध्याकाळी तो अक्षत घेऊन जातो आणि परतताना त्यांना पुन्हा जोडून घेतो.

आणि दवंडी? ती काट्याशेजारी परत आली आहे. मोबाइलने पैसे दिले की दुकानातला छोटा डबा रक्कम मोठ्याने सांगतो. दोन हजारांच्या उधारीपैकी शंभर रुपये दिले तर डबा सगळ्या रांगेला शंभरच सांगतो, आणि मागचे गिऱ्हाईक मान वर करून पाहते. त्यामुळे उधारी फेडायला पातुरात पुन्हा नगदी येऊ लागली आहे. नोट चौघडी करून मुठीतून मुठीत दिली जाते. दुकानदार ती न मोजता गल्ल्यात टाकतो, लाल वही ओढतो आणि पेन्सिल कानावरून काढतो.