गेटपास घेऊन शेतात

पीएम-किसानचा हप्ता गावात सगळ्यांच्या खात्यात पडला आणि माझ्या नाही, हे कळलं तेव्हा माझ्यातला शेतकरी जागा झाला. तोवर तो गोदामात शिफ्ट सुपरवायझर होता.

आमचं दापोडे भिवंडी तालुक्यातलं. मुंबईत जकात होती तेव्हा नाक्याबाहेर माल उतरवायला जागा हवी म्हणून दापोडे, माणकोली, वळ या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर गोदामं उठली. 2017 साली जीएसटी आला, जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. त्यांच्या बेचक्यात आमचे 11 गुंठे उरलेत ते निव्वळ आईच्या हट्टाने. वडील गेले, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. नियम असा, की 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन विकत घेतली तर हप्ता नाही, वारसाने आली तर मिळतो. म्हणजे मी पात्र, तेही काडी न हलवता. केंद्राचे वर्षाला 6,000, 2023 पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे आणखी 6,000. दिवसाला साधारण 33 रुपये. तेवढ्यावर मी मनात मोटरसायकल बुक करून बसलो होतो.

घोडं अडलं होतं ई-केवायसीपाशी. सेवा केंद्रात बोट ठेवलं, ठसा उमटेना. पुसलं, फुंकर मारली, दुसरं बोट लावलं.

“कष्टाचे हात, काका. रेषा झिजल्यात,” केंद्रातला पोरगा आदराने म्हणाला.

मी नम्रपणे मान खाली घातली. रेषा खोक्यांना चिकटपट्टी मारून झिजल्या होत्या, पण ते त्याने विचारलं नव्हतं.

निदान ई-पीक पाहणी तरी उरकू म्हटलं. शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा. आई म्हणाली, “तुला शेत तरी गावंल का?”

शेत दिसत होतं, वाट गावत नव्हती. बांधावरची जुनी वाट कुणाच्या तरी कंपाऊंडात गेली होती. आत जायचं तर गोदामाच्या गेटातून. वॉचमनने गेटपास मागितला.

“मेरा खेत है अंदर.”

त्याने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. ते शेजारच्या गोदामाचं होतं. “गाडी नंबर?”

मी सगळी कर्मकहाणी सांगितली. तो एकदम विरघळला. बिहारमधला, सिवानचा, गावी धान, गहू. “हमारा तो आ गया,” म्हणाला आणि त्याने मला हप्त्याचा मेसेज दाखवला. मग माझाच फोन घेऊन त्यात ॲप टाकलं. बोट नको, चेहरा चालतो. “अब पलक झपकाइए.” मागे कंटेनरवाला हॉर्न वाजवतोय आणि मी भर गेटात मोबाइलला डोळे मिचकावतोय. केवायसी झाली!

“धान कौन सा लगाया है?” त्याने विचारलं.

मी शेताकडे पाहिलं. हिरवं होतं. “चांगलं आहे,” म्हणालो.

त्याने काही न बोलता रजिस्टर पुढे ओढलं. कंपनीच्या रकान्यात मी आईचं नाव सांगितलं. मटेरियल : भात. त्याने इन टाइम टाकला, बॅरिअर उचलला आणि बजावलं, “बाहर निकलते समय माल चेक होगा.”