हिरकणीची किल्ली कोणाकडे?

ऑगस्ट उजाडला की पुण्यातल्या दवाखान्यांना आईच्या दुधाचा पुळका येतो. 1 ते 7 तारीख, जागतिक स्तनपान सप्ताह. फ्लेक्स लागतो, दारात रांगोळी येते आणि लस टोचायला आलेली मायलेकरं श्रोते म्हणून बसवून ठेवली जातात. पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकलेले. तान्ह्यांना त्याचं काय? ती भोकाड पसरतात. मग माइकवरून सूचना होते, "मातांनी आपापली बाळं शांत ठेवावीत, स्तनपानावरचं मार्गदर्शन सुरू होत आहे."

बाळ कशानं शांत होतं ते आयांना ठाऊक असतं. त्यासाठी हिरकणी कक्षही असतो. कुलूपबंद. किल्लीवाले शाल-नारळ आणायला गेलेले.

यात गैर काही नाही. इतिहासाशी इतकं इमान राखणारं स्मारक दुसरं सापडायचं नाही. हिरकणीची अडचण तरी काय होती? रायगडाचे दरवाजे बंद झाले होते आणि नियम म्हणजे नियम. ती कडा उतरून लेकराकडे गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला, असं सांगतात. आपण खोली बांधली आणि परंपरेला जागून दरवाजा बंद ठेवला.

मार्गदर्शन मात्र चोख. तासाभरात अंगावर पाजा, चीक टाकू नका, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, गुटी-मध तर नाहीच. शंभर टक्के बरोबर! 2017 साली बाळंतपणाची रजाही 26 आठवड्यांची झाली, हिशेब जुळला. सिंहगड रोडला चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा तेवढा जुळत नाही. तिला मॅडम मायेनं म्हणतात, "बाळाकडे बघ गं आधी. भांडी तेवढी आठच्या आत होऊ देत." बाळ आजीजवळ, आजीजवळ वरच्या दुधाची बाटली. आता आजीचं समुपदेशन करायचं ठरलंय.

1992 च्या कायद्यानं पावडरच्या डब्यावरून गुटगुटीत बाळाचं चित्र हटवलं आणि आईचं दूधच सर्वोत्तम, असं छापणं सक्तीचं केलं. म्हणजे आईच्या दुधाची बाजू बारमाही मांडणारा शहरात एकच, पावडरचा डबा. बाकीचे सात दिवसांचे.

सप्ताह संपल्यावर आढावा झाला. कक्षाच्या नोंदवहीत वर्षभरात एकही सही नाही. शेरा पडला : "मातांकडून मागणी नसल्याने सदर खोलीत जुन्या फायली ठेवाव्यात."