बर्फात गाडी तापली त्याची हकिगत

मॉन्ट्रियल
शनिवार, दुपार

ती. आप्पा आणि ती. आई यांना,


सगळ्यात आधी खुलासा : गाडी पेटलेली नाही. कुणी भाजलेलं नाही. तुमचे जावई अभिजित धडधाकट आहेत आणि आत्ता मशीनमधले कपडे काढून वाळवणीच्या मशीनमध्ये टाकतायत. आई, तुझा फोन आला तेव्हा इथे पहाटेचे साडेचार वाजले होते. तुमच्याकडे दुपारचे तीन, सुमनकाकू चहाला येऊन बसलेल्या, हे मला पलीकडच्या बशीच्या आवाजावरूनच कळलं. पिंट्याला मी फक्त एवढंच लिहिलं होतं की बर्फात गाडी तापली. त्याचं गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत 'इंजिनाने पेट घेतला' झालं आणि काकूंपर्यंत पोचेतो 'काच फोडून बाहेर काढलं' झालं. पिंट्याला कारखान्याच्या काट्यावर बसवू नका, दहा टनांची ट्रॉली वीस टनांची लिहील.

पार्सल मिळालं. शेंगाचटणी शाबूत. कडक भाकरीचे तुकडे झालेत, पण ते तसेही करायचेच असतात. काकवीची बाटली मात्र फुटली, आणि फुटली ती अभिजितसाठी पाठवलेल्या माकडटोपीवर. टोपी दोनदा धुतली तरी डोक्याला चिकटते. "वाऱ्याने उडायची भीती नाही," असं म्हणून ते घालतायत.

आता हकिगत. मागच्या शनिवारी एका मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, शहराबाहेर, तासाभराच्या अंतरावर. बाहेर उणे अठरा. मी तुझी काळी चंद्रकळा नेसले, त्यावर गुडघ्यापर्यंतचा कोट, खाली बर्फाचे बूट. ओवी म्हणाली, आई तू वरून अस्वल आणि खालून आजी दिसतेस. रात्रीपासून बर्फ पडत होता. मोठे रस्ते साफ होते, पण मैत्रिणीच्या घराच्या तोंडाशी बांध! इथे बर्फ ढकलायचं यंत्र रस्ता लख्ख करतं आणि बाजूला सारलेला सगळा बर्फ प्रत्येकाच्या दारापुढे बांध घालून निघून जातं. तो परत रस्त्यावर लोटला तर दंड. आप्पा, आपल्याकडे बांध कोरण्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे बांध फुकट मिळतो आणि कुणालाच नको असतो.

अभिजित म्हणाले, आपली गाडी चारी चाकांवर चालणारी आहे, हा बांध काय चीज आहे! चढवली. पुढची चाकं बांध ओलांडून गेली, गाडीचं पोट बर्फावर टेकलं आणि चाकं लागली जागेवर फिरायला. डोंबिवलीच्या माणसाला लोकल सुटताना पळून पकडायची सवय. गाडी हलत नाही म्हटल्यावर आणखी जोर लावायचा, हे त्यांच्या रक्तात आहे. रेस, रेस, आणखी रेस. रिंगणातला घोडा गोल का होईना, पुढे तरी जातो. दहा-बारा मिनिटं हे चाललं. मग जळक्यासारखा वास आला आणि समोरच्या पडद्यावर फ्रेंचमध्ये काहीतरी उमटलं. भाषा सुधारावी म्हणून ह्यांनी गाडी फ्रेंचमध्ये करून ठेवली आहे. त्यातला एक शब्द 'सुरशोफ'. अभिजित म्हणे, शोफर बदला असं सांगतेय वाटतं. ओवी इथल्या नियमाप्रमाणे फ्रेंच शाळेत जाते, ती मागून म्हणाली, "बाबा, सुरशोफ म्हणजे जास्त तापलं." आणि शोफर हा शब्द त्याच घरातला, मुळात त्याचा अर्थ भट्टी तापवणारा, हे तिला बाईंनी शिकवलंय. म्हणजे गाडीने दोष अचूक ठिकाणी दिला होता.

त्यानंतर मागची चाकं फिरायचीच बंद झाली. चार चाकांची गाडी अडचणीच्या वेळी दोन चाकांची झाली.

कुकर झाला, थांबा.

हां. तर आई, तुझा प्रश्न बरोबरच होता. "बाहेर बर्फ असताना तापेलच कशी, पाणी ओता की." पाणी ओतायचं नाही बाई, ओतता ओतता गोठेल. आणि इंजिन तापलंच नव्हतं, त्याचा काटा जागच्या जागी. आप्पांनी मात्र फोनवर सगळं ऐकून घेऊन एकच विचारलं, "वास कसला आला?" मी म्हटलं, क्लचप्लेट जळते तसा. "मग ही हाफ क्लचच झाली की."

आप्पा, तुम्ही फोन ठेवलात आणि मी तशीच अंथरुणात उठून बसले. दोन दिवस आम्ही गाडीचं जाडजूड पुस्तक वाचत होतो. त्यात चार पानांत जे लिहिलंय ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. ही गाडी एरवी पुढच्या चाकांवरच चालते. मागच्या डिफरन्शिअलच्या तोंडाशी तेलात बुडवलेल्या क्लचप्लेटांची एक चळत असते. पुढची चाकं घसरली की गाडीतला कॉम्प्युटर त्या प्लेटा दाबतो आणि जोर मागे जातो. पण दाबतो तो कमी-जास्त, गरजेप्रमाणे. पुढची चाकं सुसाट, मागची बर्फात अडखळत फिरणारी, आणि मधे प्लेटा घासतायत. माळीनगरच्या रस्त्याला भरलेल्या दोन ट्रॉल्या लावून हाफ क्लचवर चढ काढला तर जे होतं तेच. बाहेर उणे अठरा असो नाहीतर आपला मे महिना, प्लेटांना त्याचं काय? बर्फ बाहेर, घर्षण आत. प्लेटा जळू नयेत म्हणून कॉम्प्युटर त्या सोडून देतो आणि 'तापलंय, थांबा' असं सांगतो. आपला ट्रॅक्टर काही सांगायचा नाही. तुम्ही आम्हाला सांगायचात, आणि ते फ्रेंचपेक्षा लवकर कळायचं.

उपाय म्हणजे काय, तर काही न करणं. इंजिन चालू ठेवून थांबायचं, तेल निवलं की अक्षरं आपोआप जातात. आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं लागली. थांबण्याआधी मी एक शहाणपण केलं, ते पिंट्याला मुद्दाम सांगा, पुढेमागे मनालीला जाईल : मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढला. ते तोंड बुजलेलं असताना इंजिन चालू ठेवलं तर विषारी वायू आत भरतो, त्याला ना रंग ना वास, आणि गाडीत ऊब घेत बसलेली माणसं झोपेतच जातात. हिवाळ्यात इथे ही सूचना सारखी ऐकू येते.

तेवढ्या वेळात मी अभिजितना शेजारच्या सीटवर पाठवलं. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॉली रुतली की तुम्ही काय करायचात ते मी दहा वर्षांची असल्यापासून पाहिलंय. रेस नाही. आधी फावडं, मग पोतं. फावडं इथे प्रत्येकाच्या गाडीत असतं. पोटाखालचा आणि चाकांपुढचा बर्फ काढला. पोतं कुठून आणणार? पण डिकीत बासमतीच्या दोन रिकाम्या तागाच्या पिशव्या होत्या. पुढच्या चाकांखाली घातल्या. चाक घसरलं की जोर तोडणारं जे बटण असतं ते तेवढ्यापुरतं बंद केलं, चाकं सरळ ठेवली आणि अंगठ्याने दाबावं इतक्या हलक्याने निघाले. गाडी एकदा मागे डुलली, एकदा पुढे, आणि बांधावरून उतरली. चंद्रकळेत, अस्वलाच्या कोटात, फावडं हातात घेऊन मी हळदीकुंकवाच्या दारात उभी राहिले तेव्हा मैत्रिणीने आधी कुंकू लावलं की आधी हसली, आठवत नाही. वाण म्हणून बर्फ खरवडायची खुरपणी मिळाली.

पण आप्पांनी दुसरं विचारलं तिथे घोळ निघाला. "चारी टायर सारखे आहेत का?" अभिजितनी तेव्हा खोलीतून पाय काढला.

आता टायरांची गोष्ट. ही क्युबेकची खास गोष्ट आहे, डोकं शांत ठेवून वाचा. इथे १ डिसेंबर ते १५ मार्च बर्फाचे टायर लावायचेच, असा कायदा आहे. २००८ पासून आहे, आधी १५ डिसेंबरपासून असायचा, २०१९ पासून अलीकडे ओढला. टायरवर डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल अशी खूण लागते. नसली तर दोनशे ते तीनशे डॉलर दंड. म्हणजे बहुतेक गाडीवाल्या घरी टायरचे दोन संच : उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे. नोव्हेंबरात अख्खा प्रांत एकदम टायर बदलायला निघतो, नंबर मिळता मिळत नाही. काढलेले टायर ठेवायला घरात जागा नसेल तर गॅरेजवाला ठेवून घेतो, त्याचं भाडं वेगळं. आमचे उन्हाळी टायर भाड्याने राहतात, आप्पा. आम्ही या देशात आलो तेव्हा आम्हालाही एवढ्या सहज खोली मिळाली नव्हती.

नव्या चार टायरांचा भाव निघाला हजार डॉलर. साठ हजार रुपये. फिटिंग वेगळं. आई, तू लगेच पंढरपुरी म्हशीचा हिशोब करशील, मीही तोच केला. म्हैस दूध तरी देते. आणि खरं सांगायचं तर अधिक सात अंशांच्या खालीच साधं रबर कडक व्हायला लागतं, बर्फात ब्रेक दाबला की गाडी सरळ घसरत जाते, त्यामुळे कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. खर्च मला चुकीचा वाटतो. तर ह्यांनी काय शक्कल काढली? दोन टायर नवे घेतले, ते पुढे. मागे कुणाचे तरी वापरलेले दोन, 'अजून चांगले आहेत' असे. खूण होती, कायदा खूश.

तुम्ही विचारल्यावर मी ओवीची पट्टी घेऊन खाली गेले. नव्यांची नक्षी साडेआठ मिलिमीटर खोल, जुन्यांची साडेचार. चार मिलिमीटरने काय होतं? टायरच्या घेरात अडीच सेंटीमीटरचा फरक होतो. किलोमीटरमागे दहा-अकरा मीटर. म्हणजे पुढची चाकं एक सांगतायत, मागची दुसरं, आणि मधल्या बिचाऱ्या प्लेटा जोडल्या गेल्या की दोघांची समजूत घालत घासतायत. सासू-सुनेच्या मधे सापडलेला मुलगा असाच तापतो. काकांच्या नव्या चारी चाकांच्या ट्रॅक्टरला तुम्ही डांबरी लागली की पुढचा लिव्हर काढायला लावता ना, त्याचंच हे भावंड. फक्त इथे लिव्हर नाही, सगळं ती आपल्या मनाने ठरवते. गॅरेजवाला म्हणाला, खरं तापली ती जागेवर फिरवल्यामुळेच, टायरांनी त्यात भर घातली. हे सांगायचे त्याने दीडशे डॉलर घेतले. आप्पा, तुमचे किती झाले ते कळवा. आज मागचे दोन नवे टाकून घ्यायचेत, पाच वाजताचा नंबर मिळालाय.

आता तिकडचं. एवढं पिंट्याला वाचून दाखवा : पिंट्या, तुझी ४x४ गाडी घ्यायची भानगड आईने सांगितली. वीस लाख! मला सांग, अकलूजात चारी चाकं एकदम कुठे लागणार आहेत? सयाजीराजे पार्कात जाताना? की नातेपुत्याच्या मुलीला दाखवायला? मुलगी आवडली असेल तर तिला आधी विचार, ट्रॅक्टर चालवता येतो का. येत असेल तर कुठलीही गाडी घे, अडकलास तर ती काढेल. आणि रानातच न्यायची असेल तर लिव्हर किंवा बटणाने चारी चाकं खरोखर जोडली जातात ती बघ, आमच्यासारखी हाफ क्लचवाली नको. पण आधी विहिरीवरची मोटार बदल. दोन वर्षं ऐकतेय.

आई, बाळाच्या बारशाला मला नाव सुचवायला सांगितलं होतंस आणि आता कळतंय की नाव ठेवून झालं. ठीक आहे. मावशींच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कुणीच सांगत नाही, तिघांना विचारलं, तिघांनी घोड्याच्या बाजारात सांगतात तसे तीन वेगळे भाव सांगितले. सुमनकाकूंना म्हणावं, होय, इथे रस्त्यावर मीठ टाकतात, पोत्याने, बर्फ वितळावा म्हणून. नाही, ते गोळा करून घरी आणत नाही.

आई, एक गोष्ट फोनवर सांगितली नाही. ज्या रात्री बर्फ पडतो त्या रात्री दोन-तीनला ते ढकलायचं यंत्र आमच्या गल्लीतून जातं. आधी लांबून घरघर, मग खिडकीची काच थरथरते, छतावर पिवळा दिवा फिरून जातो. अर्धवट झोपेत मला दर वेळी वाटतं, ट्रॉल्या भरून ऊस यशवंतनगरच्या कारखान्याला चाललाय, आता ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू येईल, ते मोठ्ठ्याने लावलेलं, आपल्याला शिव्या घालायला लावणारं. आणि मी वाट बघत राहते. यंत्र पुढे जातं आणि गाणं काही लागत नाही. परवा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि अंधारातच शेंगाचटणीची पिशवी उघडली. अभिजित उठून आले, त्यांना वाटलं चोर आहे. मग तेही बसले. कडक भाकरीचे तुकडे दोघांनी उभ्या उभ्या संपवले, माकडटोपी डोक्यावर तशीच.

पुढच्या वेळी काकवी स्टीलच्या डब्यात घालून पाठव, झाकणाला कणीक लाव. आप्पा, गळीत संपायच्या आत एखाद्या रात्री फाट्यावर उभं राहून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज फोनमध्ये भरून पाठवा. गाण्यासकट. पिंट्याला सांगू नका, तो त्यावर काहीतरी लिहून सगळ्यांना धाडेल.

साडेचार झाले. अभिजित खाली गाडीवरचा बर्फ झाडतायत. टायरांचे फोटो रात्री पाठवते, चारी.

तुमची,
बेबी

ता. क. ओवी विचारतेय, आजोबांच्या ट्रॅक्टरला फ्रेंच येतं का.