बारा गळे, एक सतरंजी

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं गुरूच्या ओसरीवरून उचलून वर्गात आणून बसवलं. त्याआधी शिष्य गुरूकडे पाणी भरायचा, पाय चेपायचा, आणि कधी बुवांची मर्जी झाली तर एखादा पलटा पदरात पडायचा. आता पाणी गुरूच भरतो, बारा बाटल्यांमध्ये. ज्यांना स्वतःच्या हॉलमध्ये पहिली ते चौथीच्या मुलांचा गायन क्लास काढायचा आहे, त्यांच्यासाठी डोंबिवलीतल्या एका अनुभवी इसमाच्या या सूचना.

आधी सतरंजी. ती मोठी घ्यावी आणि रंग मळखाऊ असावा. पेटी मुलांपासून दोन हात लांब ठेवावी. ‘आपली पट्टी काळी चार’ असं चुकूनही मोठ्याने सांगू नये. मी सांगितलं, तेव्हा पुढ्यात बसलेल्या चिरंजीवांनी चार काळ्या पट्ट्या एकदम दाबल्या आणि जोर कमी पडतोय असं वाटून भाताही हाणला. पेटीतून मींड निघत नाही, श्रुती नीट लागत नाहीत, म्हणून १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली होती, असं आम्ही शिकलो. बंदीमागे आणखीही काही कारण असावं, अशी शंका मला त्या दिवशी प्रथम आली.

तानपुरा मोबाईलवर लावायला हरकत नाही, पण मोबाईल फ्लाइट मोडवर टाकावा. मी विसरलो. मुलं डोळे मिटून षड्ज लावत होती, तेवढ्यात तानपुरा थांबला आणि कुणा कर्जवाल्याचा फोन वाजू लागला. बाराही जणांनी रिंगटोनचा सा धरला. इतका एकसुरात तो आधी कधी लागला नव्हता, आणि नंतरही लागलेला नाही.

‘सू’ला एका वेळी एकालाच सोडावं.

तीनताल शिकवताना धीर धरावा. सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. ‘खाली’ म्हणताच निम्मा वर्ग जमिनीकडे बघतो. उरलेला निम्मा सतरंजी उचलून बघतो.

पालकांना आत बसू देऊ नये. तिसऱ्याच आठवड्यात ‘लिटिल चॅम्प्सला कधी पाठवायचं?’ हा प्रश्न येतो. त्यावर ‘आधी प्रारंभिक तर देऊ दे’ म्हणावं. परीक्षेचं नाव काढलं की डोंबिवलीत सगळे गप्प बसतात. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात बेसूर मुलाला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगावं, असा सल्ला मला एका ज्येष्ठ बाईंनी दिला होता. मी तो एकदा पाळला. कार्यक्रम संपल्यावर तो मुलगा आईला सांगत होता, ‘मी मनातल्या मनात म्हटलं, पण सगळं म्हटलं.’ बाईंचा बाकी सगळ्या बाबतींतला अनुभव दांडगा होता. एवढा एक सल्ला मी सोडून दिला.

रागांची सुरुवात भूपापासून करावी. सा रे ग प ध, पाचच स्वर, कुणाचीच अडचण होत नाही. फक्त शब्द जपून वापरावेत. ‘भूपात म-नी नाही,’ मी म्हणालो. दुसरीतल्या एका मुलीने हात वर केला. ‘सर, मनीला का नाही घेतलं?’

मी वर्ज्य स्वर सांगितले, आरोह-अवरोह सांगितला, औडव जाती सांगितली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

‘मग ती कुठे बसते?’

‘यमनात,’ मी म्हणालो. शास्त्राला धरूनच होतं.

पुढच्या शुक्रवारी पलटे चालू होते. सा रे ग, रे ग प, ग प ध. माझं लक्ष पेटीवर होतं आणि बारा गळ्यांतून कुणाचा तरी म हळूच सटकला. कुणाचा, ते मला कळलं नाही. खरं तर सटकला हेही कळलं नसतं.

‘मनी आली,’ ती डोळे न उघडताच म्हणाली.

दहा माना एकदम दाराशी बसलेल्या मुलाकडे वळल्या. तो सतरंजीखाली बघत होता.