डिशला उंची नको, मोकळं आकाश हवं

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की आमच्या माले गावात टीव्हीवर ‘नो सिग्नल’ची पट्टी येते आणि उघडीप मिळताच कोणीतरी शिडी लावून डिश आणखी उंच पाइपावर चढवतं. पट्टीबद्दल माझी तक्रार नाही. मुळशी खोऱ्यात राहायचं तर पाऊस गृहीतच धरायला हवा. माझी तक्रार आहे ती शिडीबद्दल. डिशला उंची लागत नाही. एवढी साधी गोष्ट आम्हाला आजवर कोणी नीट समजावून सांगितली नाही आणि त्यापायी गरिबाघरचा पैसा पाइपात, बूस्टरमध्ये आणि मजुरीत जातो.

उंचीचा हा हट्ट आला कुठून, ते मला ठाऊक आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि 1973मध्ये सिंहगडावरून पुण्याला प्रक्षेपण मिळू लागलं. त्या लहरी जमिनीलगत, सरळ रेषेत येणाऱ्या. पुणे शहर गडाच्या थेट समोर, म्हणून तिथे चित्र स्वच्छ. माले आणि सिंहगड यांच्या मध्ये मात्र डोंगररांगा आहेत. अशा खोऱ्यांत पडद्यावर मुंग्या यायच्या. कड्यावर आपटून येणारी लहर किंचित उशिरा पोचायची, म्हणून बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकी आकृती उभी राहायची. तेव्हा अँटेना जितका उंच, तितका डोंगराचा अडथळा कमी. पाइपाला पाइप जोडणं हे त्या काळी शहाणपणाचंच काम होतं. छपरावरचा तो ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना म्हणजे जपानच्या उदा आणि यागी यांची 1926 सालची रचना. पुढच्या बाजूला योग्य मापाच्या आणखी नळ्या लावल्या की समोरून येणारी लहर तो अधिक चांगली पकडायचा. हातात करवत आणि पाना असला की घरच्या घरी, थोडक्या पैशांत फरक पडायचा.

पुढे ते प्रक्षेपणच थांबलं. सामरिक महत्त्वाची मोजकी ठिकाणं वगळता प्रसार भारतीने जुने ॲनालॉग ट्रान्समीटर मार्च 2022पर्यंत बंद केले. 2004च्या डिसेंबरात सुरू झालेली दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा, म्हणजे आजची डीडी फ्री डिश, हाच आता बिनपैशाच्या टीव्हीचा मार्ग. तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर आहे. मालेतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 58 अंश वर येतो. आमच्याकडून सिंहगडही आग्नेयेलाच. साहजिकच अँटेनाच्या जुन्या पाइपावर डिश बसली आणि त्या पाइपाबरोबर उंचीचा जुना नियमही तसाच राहिला.

हा नियम आता लागू नाही. 58 अंशांवर रोखलेल्या डिशला दूरचा डोंगर आड येत नाही आणि दहा फूट वर नेल्याने उपग्रहही जवळ येत नाही. आड येतं ते अंगणातलं आंब्याचं नाहीतर फणसाचं झाड. हिशोब सोपा आहे: आग्नेयेचं झाड डिशपेक्षा सोळा फूट उंच असेल, तर ते डिशपासून दहा फुटांहून लांब हवं. एवढं जमलं की डिश ओट्याजवळच्या भिंतीवरही उत्तम चालते. उलट उंच पाइपावर ती बिघडते. दोन फुटी डिशची नजर जेमतेम तीन अंशांची. घाटाकडून येणाऱ्या वाऱ्याने पाइप एकदोन अंश जरी फिरला, तरी चित्र तुटायला लागतं.

दुसरी तक्रार बूस्टरची. चित्र अडकलं की दुकानात पहिला सल्ला मिळतो तो बूस्टर लावण्याचा. बूस्टर आलेला सिग्नल वाढवतो आणि त्याबरोबर आलेली खरखरही तितकीच वाढवतो. केबल फार लांब असेल तर त्याचा उपयोग आहे. भिंतीवरच्या डिशपासून खोलीतल्या टीव्हीपर्यंत त्याचं काही काम नाही. सेटटॉप बॉक्सच्या मेनूत ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या दिसतात. बूस्टरने पहिली पट्टी वर चढते, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं. चित्र मात्र अवलंबून असतं दुसरीवर आणि ती होती तिथेच राहते.

खरा बिघाड बहुतेक वेळा बोटाच्या पेराएवढ्या जागेत असतो. एलएनबीला, म्हणजे डिशच्या पुढ्यातल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, केबल जोडणारा कनेक्टर उघडून बघा. आतून पाण्याचा थेंब ओघळतो, जाळी काळी पडलेली असते, मधली तार हिरवी किंवा गंजलेली असते. वीतभर केबल कापून आतली लखलखीत तार काढावी, नवा कनेक्टर पिळून घट्ट बसवावा, त्यावर रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे पाणी टेपेच्या थरांत शिरत नाही. जोडाखाली केबलला थोडा झोल द्यावा, म्हणजे केबलवरून आलेलं पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं. प्लास्टिकची बाटली उभी कापून एलएनबीवर वरून छपरासारखी बांधावी, फक्त तोंडासमोर येऊ देऊ नये. या सगळ्याला चहा-भज्यांपेक्षा फार खर्च येत नाही.

धो धो पावसात सिग्नल जाणारच, हेही स्पष्ट सांगायला हवं. उपग्रहाकडून येणारी ही लहर जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटिमीटरची. दाट सर तिला शोषून घेते आणि विखरून टाकते. पैसे घालायचेच असतील तर ते मोठ्या डिशवर घालावेत. 60 सेंटिमीटरऐवजी 90 सेंटिमीटरची डिश घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि बऱ्याच सरी निभावतात.

करमणूक थोडी बुडाली तर बुडाली, एवढ्यासाठी इतकं बोलायचं का, असं कोणी म्हणेल. ताम्हिणी घाटात दरड आली, रस्ता बंद झाला, शाळेला सुट्टी दिली, या बातम्या आम्हाला नेमक्या पावसाच्या दिवसांतच हव्या असतात आणि त्याच दिवसांत खोऱ्यात मोबाइलचाही भरवसा नसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बाहेरच्या जगाशी जोडणारा टीव्ही हा एकच धागा असतो.

म्हणून मागणं एवढंच. प्रत्येक डिशच्या खोक्यात एक मराठी कागद असावा. त्यावर आपल्या भागातून दिशा कोणती, कोन किती, झाड किती लांब हवं आणि कनेक्टर कसा बांधायचा, हे चित्रासह छापलेलं असावं. तोच कागद मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागावा. डिश बसवायला येणाऱ्याने क्वालिटीची पट्टी गिऱ्हाइकाला दाखवून मगच पैसे घ्यावेत. आणि तोवर, पावसाळ्याच्या तोंडावर शिडी काढलीच, तर ती डिश खाली आणण्यासाठी काढावी.